कोल्हापूर: स्तोत्र एकाचं, चाल दुसऱ्याची

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात शिरली ती पावसातच. जुलैचा शेवट आला की या गावात ‘कसे आहात’ विचारायच्या आधी ‘राजाराम बंधाऱ्याला किती फूट?’ असं विचारतात. 39 फुटांवर इशारा आणि 43 वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. रिक्षावाल्याने भाड्याच्या आधी पाण्याची पातळी सांगितली आणि ‘रात्रीत अजून चढतंय बघा’ असा स्वतःचा अंदाजही वर जोडला.

मी पुण्यात पेटी शिकवतो. कॉलेजातल्या एका मित्राचं घर इथलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. त्याच्या वडिलांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो. वय 82, निवृत्त शिक्षक. बायबलातल्या स्तोत्रांवर रचलेली मराठी गीतं ते ज्या चालींवर म्हणतात, त्यांतल्या कित्येक कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्या स्वरलिपीत उतरवून घ्यायला मला बोलावलं होतं. मी ख्रिस्ती नाही, पण जुन्या चाली म्हटल्या की मला कुठेही जायला आवडतं.

‘मास्तर, पेटी मागनं. आधी च्या घ्या,’ आप्पा म्हणाले. काकूंनी पोह्यांवर ओलं खोबरं घालता घालता सांगून टाकलं, ‘सकाळी बसवू नका हो त्यांना. दुपारनंतर आवाज बरा लागतो.’ त्यामुळे पहिला दिवस पुस्तकं चाळण्यात गेला.

मराठी मंडळ्यांचं, म्हणजे चर्चमधल्या भाविकांच्या समूहांचं, गीतांचं पुस्तक म्हणजे ‘उपासना संगीत’. आप्पांच्या प्रतीची पाठ दोनदा शिवलेली, पानांचे कोपरे बोटांनी काळे झालेले. समासात शिसपेन्सिलीच्या खुणा: कुठे गायची पट्टी ‘काळी दोन’, कुठे ‘सावकाश’, एका गीतापाशी नुसतं ‘रडू नये’. ते गीत मयताच्या वेळी म्हणतात आणि पुढे बसून गाणाऱ्याचा गळा भरून आला तर मागची मंडळी सुरातून सुटतात, असा खुलासा आप्पांनी केला. स्वरलिपीत ही सूचना कशी लिहायची, ते मला अजून सुचलेलं नाही.

मग बायबलातली मूळ स्तोत्रसंहिता उघडली. एकूण 150 स्तोत्रं. त्यांतल्या 73 वर राजा दाविदाचं नाव आहे, 12 वर आसाफाचं, काही कोरहाच्या वंशजांची, आणि 90 वं मोशेची प्रार्थना म्हणून ओळखलं जातं. मला मात्र त्या मथळ्यांतली दुसरीच माहिती भावली. 22 व्या स्तोत्रावर ‘पहाटेची हरिणी’ असं काहीसं लिहिलेलं आहे. 57, 58, 59 आणि 75 या चौघांवर ‘नाश करू नको’ अशी एकच ओळ. अभ्यासक सांगतात की ही बहुधा त्या काळच्या लोकांना ठाऊक असलेल्या चालींची नावं. म्हणजे हे शब्द त्या चालीवर म्हणा, एवढंच. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल:’ लिहून एखाद्या जुन्या पदाचा मुखडा देतात, अगदी तसंच. केशवराव भोसल्यांच्या गावात बसून हे वाचताना वेगळं काही वाटलंच नाही.

त्या चाली पार हरवल्या. पहाटेची हरिणी कशी गायची ते आज कुणालाच सांगता येत नाही. शब्द टिकले आणि त्यांना नव्या चाली शोधत लोक जगभर हिंडले. स्तोत्रांवरच्या गीतांचा सगळा इतिहास म्हणजे ही शोधाशोध.

कोल्हापुरात ती पोचली 1852 मध्ये, रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले तेव्हा. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये याच गावात जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशन चळवळीचा मोठा पुढारी झाला. आप्पांच्या घराण्याचा संबंध त्या मिशनच्या शाळेशी. संध्याकाळी पाऊस थोडा थांबला तेव्हा आम्ही महाद्वार रोडवर एक फेरी मारली, चपलांच्या दुकानांत उगीच भाव विचारले आणि परत आलो.

शनिवार

दुपारी तीनला पेटी काढली. जुनी पॅरिस सुरांची, भाता मऊ, पण मध्यमाची एक पट्टी चिकटते. आप्पांनी काळी दोन धरली. पहिल्या दोन गीतांनंतर लक्षात आलं की ते मनातल्या मनात गीतांचे दोन ढीग करतात, ‘इंग्रजी चाल’ आणि ‘देशी चाल’. मराठी मंडळ्यांत सगळीकडे हेच बोलतात. इंग्रजी चालीला उभं राहायचं, देशी चालीला बसायचं, टाळ असले तर काढायचे.

इंग्रजी म्हणतात खऱ्या, पण त्यांतल्या सगळ्यात जुन्या चाली इंग्लंडच्या नाहीतच. 100 व्या स्तोत्राची जी चाल जगभर ‘ओल्ड हंड्रेड’ म्हणून चालते, ती 1551 च्या जिनिव्हाच्या स्तोत्रपुस्तकातली, आणि तिथे ती होती 134 व्या स्तोत्राला. ती लुई बुर्ज्वा या संगीतकाराची मानतात. जिनिव्हाचा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याचा आग्रह होता की मंडळीने स्तोत्रंच गावीत आणि ती आपल्या भाषेत, छंदात गावीत. क्लेमाँ मारो आणि थिओडोर बेझ यांनी फ्रेंचमध्ये पद्यं रचली, बुर्ज्वाने चाली बसवल्या. 1562 पर्यंत दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पुरी झाली.

मधल्या काळात एक भानगड झाली. बुर्ज्वाने लोकांच्या तोंडी बसलेल्या काही चाली परवानगी न घेता सुधारल्या. त्यासाठी 3 डिसेंबर 1551 ला त्याला चक्क तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी कॅल्विनने शब्द टाकला तेव्हा सुटला. ही गोष्ट सांगितल्यावर आप्पा बराच वेळ हसत होते. ‘आमच्यात आता तसलाच कायदा पाहिजे बघा. नवीन पोरं कीबोर्डवर काय काय करतात!’

त्याच चालीला इंग्रजी शब्द दिले विल्यम कीथने. राणी मेरीच्या काळात परागंदा होऊन तोही जिनिव्हात राहिला होता, आणि तिथल्या इंग्रजी लोकांच्या 1561 च्या स्तोत्रपुस्तकात त्याची 25 स्तोत्रं आहेत. म्हणजे 100 व्या स्तोत्राचे शब्द मूळ हिब्रू, पद्य एका निर्वासिताचं, चाल एका फ्रेंच माणसाने दुसऱ्याच स्तोत्रासाठी केलेली. आणि ती आम्ही न्यू शाहूपुरीत काळी दोनमध्ये वाजवत होतो.

हे जमतं कसं, याचं उत्तर छंदात आहे आणि त्या दुपारी आम्ही त्यावरच जास्त वेळ घालवला. इंग्रजीत स्तोत्रांचं बहुतेक पद्य एका साच्यात ओतलेलं असतं: पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. याला ते ‘कॉमन मीटर’ म्हणतात. साचा एकच असल्यामुळे कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर बसतात. 1650 च्या स्कॉटलंडच्या स्तोत्रपुस्तकात बहुतेक स्तोत्रं याच मापाची, आणि जुन्या मंडळ्यांत मोजक्या डझनभर चालींवर वर्षभर सगळी गायली जात.

आता आपल्याकडे साकी हे वृत्त बघा. 16 मात्रा, मग 12 मात्रा. कॉमन मीटरमधलं प्रत्येक अक्षर दोन मात्रांचं धरलं की आठाचे सोळा होतात आणि सहाचे बारा. झाली साकी! मी आप्पांना म्हटलं, एखादी साकी विल्यम क्रॉफ्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘सेंट अ‍ॅन’ चालीवर म्हणून बघू. त्यांनी शाळेत शिकवलेली एक साकी घेतली आणि मी पेटीवर क्रॉफ्ट धरला. मापाला माप बरोबर आलं, पण गाडी पहिल्याच स्वराला अडखळली. इंग्रजी चालीत पहिला स्वर समेच्या आधी येतो, दुसऱ्यावर सम. साकीत पहिल्याच मात्रेवर वजन. आप्पा सम धरायला गेले की मी आधीच पुढे, आणि मी थांबलो की ते मागे. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, ‘काय चाललंय ते? दोन गाणी लावल्यागत वाटतंय.’

मग उलटं करून बघितलं. पहिला स्वर गाळून सरळ समेवरून सुरुवात केली, शेवटी एक स्वर लांबवला. एकदम बसलं. आप्पांनी मांडीवर थाप मारून दुसरं कडवंही म्हटलं.

इंग्रजी चालीवरची भाषांतरं म्हणताना मराठी जीभ अवघडते, त्याचं मूळ इथेच असावं. ‘परमेश्वर’ हा शब्द घ्या. सुरुवातीची दोन अक्षरं लघु, पण चालीत तिथे दोन लांबलचक स्वर वाट बघत उभे. मग ‘पाऽराऽमेश्वर’ होतं. शे-दीडशे वर्षं लोक हे प्रेमाने म्हणत आलेत आणि त्यात वाईट काही नाही. पण देशी चालीला सुरुवात झाली की आप्पांचे खांदे खाली येतात, मान डोलायला लागते, हे मी समोर बसून बघितलं.

शेवटी त्यांनी 23 वं स्तोत्र काढलं. ‘हे पुस्तकात न्हाई. आमच्या आत्याचं.’ आत्या मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या. चाल साधी, सा रे ग प ध एवढ्याच स्वरांत फिरणारी, भूपाच्या वळणाची. शब्द अभंगाचे:

मेंढपाळ माझा । परमेश जेव्हा ।
उणे मला तेव्हा । काय राहे ॥

हिरव्या कुरणी । मला तो बसवी ।
संथ पाणी दावी । तृषा शमे ॥

काळोख दरीत । चालता न भीती ।
काठी त्याच्या हाती । सोबतीला ॥

सहा, सहा, सहा, चार. तुकोबांचं माप, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमकही जिथल्या तिथे. तीनदा म्हणून घेतलं. तिन्ही वेळा तिसऱ्या कडव्यात ‘काठी’वर आप्पा वरच्या पंचमाला हात लावून आले, जो आधीच्या कडव्यांत कुठेही नाही. मी तो जसाच्या तसा लिहिला.

रात्री मित्र मिसळ खायला घेऊन गेला. रंकाळ्यावर वारा एवढा की छत्री उलटी झाली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

रविवार

सकाळी वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये उपासना. दारात ‘जय ख्रिस्त’ म्हणत हात मिळवले जात होते, छत्र्यांचा ढीग साचला होता. पाळकांनी 90 वं स्तोत्र वाचायला घेतलं, एक वचन त्यांनी आणि एक मंडळीने. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, बळ असलं तर ऐंशी, हे वचन आलं तेव्हा आप्पा माझ्या कानाशी वाकले. ‘आम्ही आता बोनसवर.’

याच 90 व्या स्तोत्रावर आयझॅक वॉट्सचं इंग्रजी गीत आहे, 1719 मधलं, जे इंग्लंडात राष्ट्रीय शोकाच्या प्रसंगी हमखास गातात. वॉट्सने कीथसारखं शब्दाला शब्द केलं नाही. त्याचं म्हणणं होतं की दाविदाने ख्रिस्ती माणसासारखं बोलावं, म्हणून त्याने स्तोत्रं सरळ नव्या कराराच्या, म्हणजे बायबलातल्या येशूविषयीच्या भागाच्या, उजेडात पुन्हा लिहिली. 98 व्या स्तोत्रावरून त्याने जे केलं ते आज जगभर नाताळात वाजतं, आणि गंमत म्हणजे त्यात गोठा, मेंढपाळ, तारा यांतलं काहीच नाही. त्या नाताळगीताची चाल अमेरिकेतल्या लोवेल मेसनने एकोणिसाव्या शतकात बसवली, वॉट्स जाऊन ऐंशीच्या वर वर्षं झाल्यावर.

90 व्याची ‘सेंट अ‍ॅन’ चाल म्हणजे कालची आमची क्रॉफ्टची. ती 1708 च्या एका स्तोत्रपुस्तकातली, वॉट्सच्या शब्दांपेक्षा जुनी. क्रॉफ्ट लंडनच्या सेंट अ‍ॅन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हणून चालीला ते नाव. दोघे एकाच काळातले, एकाच शहराच्या आसपासचे, पण शब्द आणि चाल यांची जोडी पक्की जमली ती एकोणिसाव्या शतकात. हेन्री फ्रान्सिस लाइटचंही तसंच. डेव्हन किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातला हा पाळक. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटला 2022 मध्ये वगळलं जाईपर्यंत वाजायचं ते ‘अबाइड विथ मी’ याचंच. त्याने 103 व्या स्तोत्रावर 1834 मध्ये गीत लिहिलं, 1847 मध्ये तो वारला, आणि ज्या चालीमुळे ते गीत राजघराण्याच्या लग्नांत पोचलं ती जॉन गॉसने 1869 मध्ये केली. लाइटने ती कधी ऐकलीच नाही.

उपासनेत शेवटी 23 वं स्तोत्र इंग्रजी चालीवर झालं, ‘क्रिमंड’. ही चाल 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात गायली गेली आणि मग सगळीकडे पसरली. क्रिमंड हे स्कॉटलंडमधलं एक छोटं गाव. 1872 मध्ये चाल पहिल्यांदा छापली तेव्हा खाली नाव होतं डेव्हिड ग्रँटचं, जो अ‍ॅबरडीनचा होता. पुढे क्रिमंडच्या पाळकाच्या मुलीच्या, जेसी सीमोर अर्व्हाइनच्या बहिणीने सांगितलं की चाल जेसीची, ग्रँटने फक्त सुरांची जुळणी करून दिली. आजही काही पुस्तकांत एक नाव दिसतं, काहींत दुसरं. मला विचाराल तर बहिणीवर विश्वास ठेवावासा वाटतो. घरात कोण काय गुणगुणत होतं ते छापखान्यापेक्षा बहिणीला जास्त माहीत असणार.

जेवायला तांबडा-पांढरा. काकूंचा पांढरा रस्सा गळ्यातून उतरला आणि सकाळपासूनची सर्दी पळाली.

चारच्या सुमारास मित्राने गाडी पन्हाळ्याकडे वळवली, वीसेक किलोमीटर. आप्पा ‘मी कशाला’ म्हणत सगळ्यात आधी गाडीत. वर इतकं धुकं की तीन दरवाजा जवळ गेल्याशिवाय दिसेना. दगडी भिंतींवरून पाणी ओघळत होतं, शेवाळ चमकत होतं, आणि खालच्या दरीतून नुसता आवाज येत होता. आप्पांनी गाडीतच 104 वं स्तोत्र उघडलं. देव उजेड पांघरतो, आकाश तंबूसारखं ताणतो, ढगांचा रथ करतो, डोंगरांवर वरून पाणी शिंपतो, गुरांसाठी गवत उगवतो. ‘हे स्तोत्र पन्हाळ्यावर वाचायचं असतं,’ ते म्हणाले. मला पटलं.

आणि मग मी त्यांना सांगितलं की या स्तोत्रावरचं इंग्रजीतलं सगळ्यात गाजलेलं गीत मुंबईच्या गव्हर्नराचं आहे. त्यांचा विश्वास बसेना. सर रॉबर्ट ग्रँट. ज्यांच्या नावाने मुंबईत ग्रँट रोड आहे, ग्रँट मेडिकल कॉलेज आहे, तेच. जन्म 1779, बंगालमधला. हे गीत छापून आलं 1833 मध्ये, आणि 1835 मध्ये ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ब्रिटिश पार्लमेंटात ज्यूंना नागरी हक्क मिळावेत म्हणून विधेयक आणणारेही तेच. 1830 मध्ये ते फेटाळलं गेलं, 1833 मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, वरिष्ठ सभागृहाने अडवलं. ज्यूंचं स्तोत्र छंदात बांधणं आणि ज्यूंच्या हक्कांसाठी भांडणं, दोन्ही त्यांनी एकाच वर्षात केलं, ही मला त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट.

त्यांच्या गीतात देवाची माया डोंगरावरून वाहते, मैदानात उतरते आणि दवात, पावसात झिरपते. लिहिलं तेव्हा ते इंग्लंडात होते, पण बालपणीचा बंगालचा पाऊस कुठेतरी राहिला असेल का, असा विचार त्या धुक्यात मनात आलाच. छंद त्यांनी कीथकडून घेतला. त्या 1561 च्या पुस्तकात 104 वं स्तोत्रही कीथचंच आहे, त्याच मापात. आणि चाल? ‘हॅनोव्हर’, 1708 च्या त्याच पुस्तकातली, पुन्हा क्रॉफ्टच्या नावावरची. 9 जुलै 1838 ला, ऐन पावसाळ्यात, ग्रँट दापोडीला वारले. पुण्यात कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांचं दफन झालं.

‘म्हणजे रोज हजारो लोक ग्रँट रोडला उतरतात आणि कुणाला ठाऊक नाही,’ मित्र म्हणाला. असंच आणखी एक उदाहरण आहे. योआखिम निअँडर, जर्मन कवी, तिशीतच 1680 मध्ये गेला. 103 आणि 150 या स्तोत्रांवरून त्याने रचलेलं स्तुतिगीत आजही गातात. डसेलडॉर्फजवळच्या ज्या दरीत तो फिरायचा तिला पुढे त्याचं नाव दिलं, आणि 1856 मध्ये त्या दरीत आदिमानवाची हाडं सापडली. निअँडरथल म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर गीतकार येतो सांगा!

सोमवार

माझी परतीची गाडी मिरजेहून होती. आप्पांना आत्यांचा दवाखाना पुन्हा बघायचा होता, काकूंना आप्पांना एकटं सोडायचं नव्हतं. त्यामुळे सगळेच निघालो, जयसिंगपूरवरून. शेतांत पाणी उभं होतं, ऊस फक्त शेंड्यांनी दिसत होता.

मिरजेचा हा दवाखाना डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केला. ते मूळचे कॅनडाचे. आम्ही आवारात फार वेळ थांबलो नाही. आत्या रात्रपाळीला वॉर्डात तेच 23 वं स्तोत्र हळू आवाजात म्हणायच्या, आणि जातपात, धर्म न बघता सगळे पेशंट ‘ते मेंढराचं म्हणा’ अशी फर्माईश करायचे, असं आप्पांनी सांगितलं.

मग सतारमेकरांच्या गल्लीत गेलो, कारण माझ्या तंबोऱ्याची जवारी बिघडली होती आणि मी तो मुद्दाम बरोबर आणला होता. इथली कला दीडशेहून अधिक वर्षांची. हत्यारांना धार लावणारे शिकलगार, त्यांतल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली तिथून सुरुवात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराने तार सैल केली, घोडीवर बारीक कानस दोन-चारदा फिरवली, तार पुन्हा चढवली आणि तिच्याखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत नेला. एका जागी तार नुसती टणटणत होती. केसभर पुढे दोरा गेला आणि तीच तार गुंजायला लागली. आप्पांनी डोळे मिटले आणि लगेच आत्यांचा अभंग धरला, दुकानातच. कारागीर कानस हातात धरून ऐकत राहिला. त्या पाच स्वरांना तंबोरा जितका धरून राहिला तितकी पेटी दोन दिवसांत एकदाही राहिली नव्हती.

स्तोत्र अभंगात घालणं ही आत्यांची काही विचित्र लहर नव्हती. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि 1919 मध्ये गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळ्यांना अभंग, भजन, कीर्तन आपलंसं करायला लावलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या आधी अहमदनगरचे कृष्णराव सांगळे देशी वळणाची गीतं लिहीतच होते. टिळक गेले त्याच वर्षी निकोल मॅक्निकोल या मिशनऱ्याने आपल्या संतांचे 108 अभंग इंग्रजीत नेले, आणि पुस्तकाला नाव देताना त्यांना ‘मराठा संतांची स्तोत्रं’ म्हटलं. येण्याजाण्याचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू होता म्हणायचा.

पंजाबात तर हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. सियालकोटच्या इमामुद्दीन शाहबाज यांनी सगळीच्या सगळी स्तोत्रं पंजाबी पद्यात आणली. काम करता करता त्यांची दृष्टी गेली, तरी थांबले नाहीत. राधाकिशन यांनी देशी चाली जमवून दिल्या आणि 1908 मध्ये ‘पंजाबी जबूर’ छापून आलं. सीमेच्या दोन्ही बाजूंना ते आजही गातात. मराठीत असं सलग दीडशे स्तोत्रांचं, एका हाताचं काम लोकांच्या तोंडी बसलेलं नाही, ही मला खरी उणीव वाटते. आपल्याकडे ओवी आहे, अभंग आहे, साकी, दिंडी, आर्या आहे. फादर स्टीफन्सने 1616 मध्येच ओवीत अख्खं ख्रिस्तपुराण रचून दाखवलं. साचे तयार आहेत, ओतणारं कुणीतरी हवं.

स्टेशनवर चहा घेताना मी स्वरलिपीची वही काढली. प्रत्येक पानावर वर तीन रकाने: स्तोत्र क्रमांक, शब्द कुणाचे, चाल कुणाची. बाकीच्या पानांवर ‘चाल: पारंपरिक’ लिहायला आप्पांनी मुकाट्याने होकार दिला. 23 व्याच्या पानावर मात्र अडले. ‘पारंपरिक कशी? आत्याची हाय. नाव लिवा.’

मी दोन्ही रकान्यांत आत्यांचं नाव लिहिलं. ते इथे देत नाही, घरच्यांना ते छापून यायला नको आहे. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढली.

‘शब्द आत्याबाईंचे, बरोबर. चाल पण त्यांचीच. पण तिसऱ्या कडव्यात काठीवर वर जायचं, ते सासूबाईंचं. आत्याबाई सरळच म्हणायच्या.’

‘काय तरी सांगू नको,’ आप्पा.

‘मी लग्न होऊन आले तेव्हा दोघी होत्या की. जात्यावर बसून म्हणायच्या. सासूबाई वर गेल्या की आत्याबाई थांबून हसायच्या.’

आप्पांनी मला तो तुकडा पुन्हा म्हणून दाखवला, एकदा वर जाऊन, एकदा सरळ. सरळ म्हणताना ‘काठी’वर त्यांचा आवाज चुकला, वर जाताना नाही. ‘तू लिव दोन्ही,’ काकू म्हणाल्या, ‘मुख्य ओळीत आत्याबाईंचं, आणि वर बारीक अक्षरात सासूबाईंचा पंचम.’ आप्पांचं म्हणणं होतं, बारीक अक्षरात कशाला, लोक तोच तर म्हणतात. गाडी फलाटाला लागली तरी त्यांचं ठरत नव्हतं. मी रकान्यात दोघींची नावं लिहिली, मध्ये ‘आणि’ घातलं आणि तंबोरा उचलला.